ओत्मारची साखर

१

ओत्मार कोसीला मातीत ठेवून दोन महिने उलटले, आणि त्याचं औषध त्याच्या घोडीच्या लघवीत सापडलं.

मुर्स्का त्राता गावात बातमी नेहमी कागदाच्या आधी पोचते, त्यामुळे प्रयोगशाळेचा लखोटा आला तेव्हा तो फोडायची कोणाला घाई नव्हती. सगळ्यांना मजकूर पाठ होता. हंगामातली शेवटची मोठी शर्यत त्या घोडीने, लास्तोव्काने, जिंकली. ही शर्यत दुडक्या चालीची. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी, गाडीत हाकणारा, आणि घोडा चौखूर उधळला की बाद. जिंकलेल्या घोड्याची लघवी बाटलीत धरायची हा नियम. लास्तोव्काच्या बाटलीत ट्रॅमाडोल निघालं. पडताळणीची दुसरी बाटली फोडली, तिच्यातही तेच. हाडांच्या कर्करोगात माणसाला देतात ते हे वेदनाशामक.

गावात ते एकाच माणसाला चालू होतं, आणि तो आता चर्चच्या मागे अक्रोडाखाली निजला होता.

"ओत्मार घोडीला सोडत नाही," पाववाली म्हणाली. गिऱ्हाइकांनी क्रूसाची खूण केली आणि पाव उचलले.

शर्यत मंडळाने चौकशीचं काम तिल्का स्लाविनेत्सकडे दिलं. तिल्काने उभी हयात शर्यत सुरू करून देणाऱ्या मोटारीत उलटं बसून काढली होती. मोटार पुढे पळायची, तिच्या मागे दोन बाजूंना लोखंडी पंख पसरलेले, आणि पंखांना नाकं लावून घोडे दुडकत यायचे. वेग जमला की पंख मिटायचे आणि शर्यत सुटायची. सगळं जग पुढे बघत असताना तिल्का मागे बघत राहिली. तिला माणसांपेक्षा घोड्यांचे चेहरे जास्त पाठ होते. तिचं लग्न का झालं नाही, याचंही गावाने हेच कारण ठरवून टाकलं होतं.

"सोमवारी सुनावणी," मंडळाचे अध्यक्ष लुडविक रायह म्हणाले. "कोणी दिलं ते नाव आण. नाव नाही मिळालं तर नियमाप्रमाणे घोडीला तयार करणारा जबाबदार. बोरुटचा परवाना दोन वर्षं बंद."

"आणि परवाना गेला की तबेला बंद. घोडी विकावी लागणार."

"गिरणीवाला झागर तयारच आहे घ्यायला."

"झागर तर नदीही विकत घ्यायला तयार असतो."

"तिल्का, एक सांगून ठेवतो. भुताटकीचा अहवाल आणू नकोस. मंडळाची शोभा होते."

"मंडळाची शोभा व्हायला भूत कशाला लागतं, अध्यक्षसाहेब?" असं म्हणून तिल्का सायकलवर बसली.

२

ओत्मारची बायको वेवा स्वयंपाकघरात गिबानित्सा या थरांच्या केकचे पापुद्रे ओढत होती. कणीक इतकी पातळ ताणायची की खालचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे, अशी तिच्या आईची शिकवण. शाळेत तिल्का आणि ती एका बाकावर. लिहिताना दोघींची कोपरं एकमेकींना लागायची, म्हणून बाईंनी वेवाला पट्ट्या मारून मारून सुधारायचा प्रयत्न केला होता. बाई वारल्या. वेवा अजून त्याच हाताने लिहीत होती.

"मैत्रीण म्हणून आलीस की सरकार म्हणून?" वेवाने विचारलं.

"भूक लागली म्हणून."

"मग बस. सरकारला मी उभंच ठेवलं असतं."

तिल्का बसली. कोपऱ्यात ओत्मारची खुर्ची होती. तिच्यावर उशी नीट फुगवून ठेवलेली. त्या खुर्चीत कोणी बसायचं नाही हे सांगायची गरज नव्हती. मांजरसुद्धा वळसा घालून गेलं.

"औषधाच्या बाटलीचं काय झालं गं?"

"माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी परत केली. औषधवाल्याच्या हातात. रिकामीच होती. डॉक्टर शेवटी शेवटी माझ्यावर कुरकुरायचा, एवढे थेंब संपतात कसे म्हणून. मी काय सांगणार? माझ्यासमोर तो फक्त निजताना घ्यायचा. साखरेच्या खड्यावर थेंब, खडा जिभेवर. आणि तोंड असं करायचा, जसं काही मी विष देतेय."

"कडू असेल."

"कडूचं नाही गं त्याला, गोडाचं वावडं! लग्नातला केकसुद्धा माझ्या ताटात सरकवला होता त्याने." वेवा थांबली. "अजूनही सरकवतो. म्हणजे, सरकवायचा."

"आणि शर्यतीच्या मैदानावर? तिथे थेंब कोण द्यायचं?"

"तिथे कोणाला कळू द्यायचं नव्हतं त्याला. हाकणारा आजारी आहे कळलं की बाकीचे वळणावर घुसतात, म्हणायचा. शेवटपर्यंत गाडीत ताठ बसला. तसा ताठ तो चर्चमध्येही कधी बसला नाही."

तिल्काने कालच्या गिबानित्साचा दुसरा तुकडा घेतला. वेवाचे डोळे कोरडे होते. नवरा गेलेल्या बाईपेक्षा नवरा बाहेरगावी गेलेल्या बाईसारखे.

"घोडी गेली तर?" तिल्काने हळूच विचारलं.

"त्याला ओळखणारं या घरात आणखी कोण उरलंय?" वेवा म्हणाली. "बोरुट पुतण्या आहे, पण तो काकाला घाबरायचा. घाबरणं म्हणजे ओळखणं नव्हे."

तबेला मागच्या अंगणात होता. दाराशी खुंटीवर ओत्मारचा हिरवा जाड कोट लटकत होता, वर टोपी. तिल्काने सहज कोटाची खालची कड चाचपली.

ओली होती. दोन महिन्यांपूर्वी मेलेल्या माणसाच्या कोटाला आजचं दव लागलं होतं.

३

"मी नाही घातला!" बोरुट म्हणाला. तो चाकाला तेल घालत होता, आणि चाकाला पुरेसं झाल्यावरही घालतच राहिला. "मावशी, मी त्या कोटाकडे बघतसुद्धा नाही. दार उघडं असतं, कोणीही येतं. दूधवाला येतो, झागर येतो, घोड्यांचा डॉक्टर येतो."

"डॉक्टरने काही टोचलं होतं?"

"खोकल्याचं, उन्हाळ्यात. मंडळाला कळवून."

"आणि तू काय देतोस तिला?"

"ओट, वाळलेलं गवत, गाजर. साखर नाही. ती घोडी आहे, पाहुणी नाही. साखर काका द्यायचा."

लास्तोव्काने गव्हाणीवरून मान पुढे काढली. काळसर तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. तिने तिल्काला हुंगलं आणि सरळ तिच्या डाव्या खिशात तोंड घातलं. तिथे काहीच नव्हतं. तिल्काने वळून उजवा खिसा पुढे केला. घोडी त्याच्याकडे बघेना. मान लांबवून पुन्हा डावाच.

"साखर मिळत नाही म्हणतोस. मग ही खिसे कशी तपासते, जकात नाक्यासारखी?"

बोरुटने तेलाचा डबा खाली ठेवला.

"मावशी, कोणाला सांगू नका. काका गेल्यावर हिने दाणा टाकला. नुसती दाराकडे बघत उभी. फासळ्या मोजता यायला लागल्या. मी म्हटलं, ही पण चालली काकामागे. आणि एका सकाळी येतो तर गव्हाण चाटूनपुसून साफ! साखरेचा चुरा पडलेला. तेव्हापासून रोज तसंच. माझ्या आधी कोणीतरी येऊन खाऊ घालून जातं."

"काकूला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, मी नाही. मग एकदा मी लवकर आलो." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "धुकं होतं. आतून शीळ आली. काकाची शीळ. दोन सूर वर, एक खाली."

"मग? आत गेलास?"

"आत?" बोरुट म्हणाला. "मी तेव्हापासून उशिरा यायला लागलो."

४

विन्को झागरच्या लाकूड गिरणीत बोलायचं म्हणजे ओरडायचं. पण तिल्काने ओत्मारचं नाव काढताच त्याने करवत बंद करायची खूण केली. त्या करवतीने कधीकाळी त्याच्या डाव्या हाताचा अंगठा सोडून बाकी सगळं घेतलं होतं. उरलेल्या हाताने तो दुप्पट मिळवायचा आणि तिप्पट हावभाव करायचा.

"तिल्काबाई, मला घोडी पाहिजे, हे मी लपवत नाही. तबेल्यात जातो, हेही लपवत नाही. सफरचंदं नेतो. पण औषध घालून मी घोडी बदनाम का करीन? बदनाम घोडीचं शिंगरू घेतं कोण?"

"बदनाम घोडी स्वस्त मिळते."

"स्वस्त माल मी विकतो, विकत घेत नाही."

तिल्काला हे पटलं. शिवाय एक गोष्ट तिला पहिल्यापासून खुपत होती. प्रयोगशाळेला सापडलेलं औषध इतकं किंचित होतं की त्याने बकरीसुद्धा जोरात पळाली नसती. जिंकवायला देणारा एवढं कमी देत नाही. अडकवायला देणारा तर मुळीच नाही.

"शेवटी शेवटी ओत्मार कसा होता रे मैदानावर?"

"म्हातारा? पोर झाला होता." झागर हसला. "गाडी जुंपायच्या आधी दोघांची पार्टी. उजव्या खिशातून एक खडा घोडीला, डाव्या खिशातून एक स्वतःला. आम्ही चिडवायचो, ओत्मार, घोडीच्या तोंडचं पळवतोस! तो म्हणायचा, दोघं मिळून ओढतो, दोघं मिळून खातो."

तिल्काची जीभ दाताखाली आली. जन्मभर गोडाला तोंड वाकडं करणारा माणूस, आणि सगळ्यांदेखत साखर चघळत होता.

"आणखी काही बघितलंस, विन्को?"

झागरने टेकडीकडे मान वळवली. टेकडीवरच्या द्राक्षमळ्यातून लाकडी खडखड ऐकू येत होती. पाखरं हाकलायला तिथे वाऱ्यावर फिरणारी चक्रं उभी करतात. द्राक्षं उतरवून झाली की ती काढून ठेवायची. सगळ्यांनी काढली होती. ओत्मारच्या मळ्यातलं दर वर्षी ओत्मार काढायचा, म्हणून ते अजून वाजत होतं.

"हसणार नाहीस?" झागर म्हणाला. "शर्यतीच्या सकाळी मी सफरचंद घेऊन गेलो होतो. दार अर्धं उघडं. आत तो उभा. पाठमोरा. कोट, टोपी, ती शीळ. हात लांब करून घोडीला भरवत होता."

"कुठल्या हाताने?"

"भुताचा हात कोण बघतं, बाई! मी सफरचंद तिथेच टाकलं आणि पळालो. हा देह पळाला, तिल्काबाई. नदीपर्यंत."

५

रविवारी उजाडताना तिल्का तबेल्यासमोरच्या गवताच्या गंजीआड उभी राहिली. मुरा नदीचं धुकं अंगणात शिरलं होतं. घर दिसत नव्हतं, विहीर दिसत नव्हती. नुसती टेकडीवरची खडखड, आणि ती थांबली की काहीच नाही.

मग पावलं आली. जड बूट, ओढत टाकलेले. हाडं दुखणाऱ्या माणसाची चाल.

धुक्यातून ओत्मार कोसी आला. हिरवा कोट, कानांवर ओढलेली टोपी, वाकलेला खांदा. त्याने दाराची कडी काढली, तशीच, आधी वर मग खाली. आणि शीळ घातली.

या शिळेमागून येणारे घोडे तिल्काने कितीदा पाहिले होते. पायांना पळावंसं वाटत होतं. पण जन्माची खोड जाते कुठे? माणसाकडे बघायचं सोडून ती पुढे सरकून दाराच्या फटीतून घोडीच्या तोंडाकडे बघू लागली.

ओत्मार मागे गाडीत असला की लास्तोव्काचे कान अर्धे मागे वळलेले असायचे, त्याचा शब्द झेलायला. आज कान सरळ पुढे होते. पाहुण्याला बघावं तसे. घोडीचे डोळे शांत होते, थोडे कंटाळलेले, आणि फार मायाळू. म्हातारं माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगतं आणि आपण ऐकून घेतो, तसं ती ते सगळं चालवून घेत होती.

ही फसलेली नाही, तिल्काच्या मनात आलं. ही पहिल्या दिवसापासून जाणते.

कोटाची बाही पुढे झाली. डावी बाही. डाव्या खिशातून खडा निघाला.

"वेवा," तिल्का दारातून म्हणाली, "तो खडा देऊ नकोस."

टोपीखालचा चेहरा वळला. खडा गवतात पडला.

"हळू बोल," वेवा कुजबुजली. "तिला कळेल."

तिल्काने खडा उचलला. कडेला पिवळट डाग होता. जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकली.

"कडू आहे, वेवा. साखर कडू आहे. थेंब जास्त संपत होते, कारण तो इथे बसून खड्यांवर टाकून, वाळवून खिसा भरून ठेवायचा. मैदानावर बाटली काढली असती तर सगळ्यांना कळलं असतं. साखर खाल्ली तर लोक नुसते हसतात. उजवा खिसा घोडीचा, डावा त्याचा. चूक होऊ नये म्हणून. पण तू कोट घातलास, आणि तुझा हात डाव्या खिशात जातो. शाळेपासून."

वेवाने स्वतःच्या हाताकडे बघितलं, जसा काही तो दुसऱ्याच कोणाचा होता.

"सोडलं का नाहीस हे?" तिल्काने विचारलं. "घरधनी गेला की कोणीतरी गोठ्यात जाऊन जनावरांना सांगायचं असतं. तुझ्या सासऱ्याच्या वेळी तूच गेली होतीस, गाईंना सांगायला."

"गेले होते ना! याच्याही वेळी गेले. दारात उभी राहिले. ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मला तोंड उघडेना. कोट समोर होता. तो घातला. तेव्हापासून रात्री घरी नेते, पहाटे घालूनच निघते." वेवाने टोपी काढली. पांढरे केस घामाने चिकटले होते. "ती खायला लागली, तिल्का. आणि मला... मला रोज सकाळी तो घरातून बाहेर पडल्यासारखं वाटायचं. बाहेर पडलेला माणूस परत येतो."

तिल्का दाराच्या चौकटीला टेकली. कोडं सुटलं होतं आणि गळ्यात धोंडा आला होता. गप्प राहिलं तर बोरुटचा परवाना जातो, घोडी झागरकडे. खरं सांगितलं तर ज्याने भरवलं त्याला तबेल्याची बंदी. म्हणजे घोडी घरी राहणार आणि वेवाला तिच्याजवळ जायची मनाई.

"उद्या मी खरंच सांगेन," वेवा म्हणाली. "पोराचा काय दोष?"

"सांग," तिल्का म्हणाली. "पण घरी नियमांचं पुस्तक असेल ना? दे मला. ओत्मारने कधी उघडलं नसेल, कोरं करकरीत असेल."

६

सुनावणी अग्निशमन दलाच्या दालनात झाली, कारण मुर्स्का त्रातात लग्नं, बारशी आणि न्याय तिथेच होतात. अर्धं गाव भिंतीला टेकून उभं होतं. वेवाने सगळं सांगितलं, न रडता, कपड्यांची यादी सांगावी तसं. झागरने उठून साक्ष दिली की शर्यतीच्या सकाळी तबेल्यात आपण ओत्मारला पाहिलं. ओत्मार नव्हता असं कळल्यावरही त्याने साक्ष मागे घेतली नाही. म्हणाला, मी पळालो ते खरं होतं.

"म्हणजे गेनोवेफा ऊर्फ वेवा कोसी यांनी भरवलं," अध्यक्ष रायह म्हणाले आणि पेन उचललं. हात मात्र कागदावर टेकेना. त्यांनी वेवाच्या लग्नात बाजा वाजवला होता.

"अध्यक्षसाहेब, नियम वाचा," तिल्का म्हणाली. "मोठ्याने."

"'निषिद्ध द्रव्य जाणूनबुजून तबेल्यात आणणारी व्यक्ती...'"

"जाणूनबुजून. वेवा कुठे जाणत होती? तिला ती साखर वाटली. औषध तबेल्यात कोणी आणलं? खड्यावर कोणी टाकलं? खिशात कोणी ठेवलं?"

"ओत्मारने. पण तिल्का, तो मेलाय!"

"ती व्यक्ती जिवंत असली पाहिजे असं कुठे लिहिलंय? पुस्तक तुमच्याच समितीने लिहिलं. शोधा."

अध्यक्षांनी चष्मा लावला. पानं उलटली. पुन्हा उलटली. भिंतीपाशी कोणीतरी खोकलं.

"तशी अट नाही," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुःख होतं की सुटका, हे सांगणं कठीण होतं. "हे हास्यास्पद आहे."

"भुताटकीचा अहवाल आणू नकोस म्हणालात. मी नियमाचा आणलाय."

निकाल उभं राहून वाचला गेला. लास्तोव्काचा विजय रद्द. बोरुट कोसी निर्दोष. ओत्मार कोसी याला दोन वर्षं कुठल्याही तबेल्यात, मैदानात अगर घोड्याच्या जवळपास येण्यास बंदी.

कोणी हसलं नाही. गावाने बऱ्याच गमतीच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण ही ऐकताना लोकांनी टोप्या काढल्या.

वेवा उठली. "म्हणजे त्याला आता तबेल्यात यायचं नाही?"

"नाही," अध्यक्ष म्हणाले.

"सकाळीसुद्धा नाही? कोट घालूनसुद्धा?"

अध्यक्षांनी तिल्काकडे बघितलं.

"कोट घालूनसुद्धा नाही, वेवा," तिल्का म्हणाली. "नियम आहे."

वेवाने मान हलवली. नियम तिला कळत होता. ओत्मार जन्मभर नियमाने वागला होता; परवानगी नसताना तो आला असता, असं तिला कधीच वाटलं नसतं.

त्याच दुपारी, धुकं उठून लख्ख ऊन पडलेलं असताना, ती स्वयंपाकाच्या एप्रनमध्ये, डोकं उघडं, तबेल्यात गेली. शीळ घातली नाही. तिल्का अंगणातच थांबली.

लास्तोव्काने तिला हुंगलं. मग तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघितलं.

"तो नाही येणार," वेवा म्हणाली. "बंदी आलीय त्याच्यावर."

घोडी दाराकडेच बघत राहिली.

"दोन वर्षांची नाही गं," वेवा म्हणाली. तिने घोडीच्या मानेत कपाळ टेकवलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. "मेला तो. धनी मेला. आता मी आहे."